सगळ्या दारांना सारखंच

भाद्रपदातला दुसरा पंधरवडा लागला की आमच्या घरातली दारं बोलायला लागतात. सगळा पावसाळा ती फुगून चौकटीत गच्च बसलेली असतात, उघडायची तर खांदा लावावा लागतो. मग गणपती जातात, ऊन जरा डोकं वर काढतं, आणि लाकूड सुकायला लागतं. एखाद्या दुपारी घरात कुणी हललेलंसुद्धा नसताना माजघराकडून टक् असा आवाज येतो. थोड्या वेळाने न्हाणीघराकडून कुरकुर. बाहेर गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू अजून आडवे पडलेले असतात, चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते, आणि पळस्प्याकडून येणाऱ्या ट्रकांमागे ती अर्ध्या पनवेलभर फिरत असते. पितृपक्षाचे दिवस. बाजारात शुकशुकाट, कोणी नवं काही घेत नाही, कोणी नव्या कामाला हात लावत नाही.

यंदाही दारं बोलू लागली आहेत. मी त्यांच्याकडे बघणं टाळतो. सात दारांपाशी सात वेळा नजर चुकवत घरात वावरणं हे वाटतं तितकं सोपं नाही.

घर म्हणजे काही वाडाबिडा नव्हे. वडिलांनी नोकरीतल्या पैशातून बांधलेलं, बैठं, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, माजघरातून आत जाणारा एक अरुंद बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. बोळाच्या टोकाला दोन दारं शेजारीशेजारी, एक न्हाणीघराचं आणि एक मागच्या पडवीचं. पडवी दोन पायऱ्या खाली आहे. वडिलांना बांधताना जमिनीचा उतार लक्षात आला नाही आणि आल्यावर भर घालायला पैसे उरले नाहीत, म्हणून त्या दोन पायऱ्या. मी आयुष्यभर सरकारी खात्यात नकाशे काढले. दुसऱ्यांच्या इमारती सुतात आणल्या आणि स्वतः या तिरक्या घरात राहिलो. त्याचा सल मला होताच.

सगळ्यात जास्त सल होता तो दारांच्या कड्यांचा. सात दारांना सात तऱ्हा. ओटीच्या दाराला वडिलांनी हौसेने आणलेली जड पितळी कडी, हात लागून लागून एका बाजूने झिजलेली. स्वयंपाकघराला लोखंडी साखळी. देवाच्या खोलीला लाकडी खिट्टी, तीही एका कोपऱ्यात टवका उडालेली. आमच्या निजायच्या खोलीला चिनी मातीची गोल पांढरी मूठ, कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातली, मधोमध तडा गेलेली. न्हाणीघराला अ‍ॅल्युमिनियमची कडी, तिचं टोक तुटल्यावर मीच कधीतरी तिला तार गुंडाळली होती. पडवीच्या दाराला कडी-कोयंडा. आणि कोठीच्या खोलीला काहीच नाही, नुसता सुतळीचा फास, खिळ्याला अडकवायचा. जे जेव्हा मोडलं तेव्हा हाताला जे मिळालं ते लावलं, असं चाळीस वर्षं चाललं. पाहुणे आले की मला लाज वाटायची. कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी वाटली नाही.

कुमुदला काचबिंदू आहे हे मला ठाऊक होतं. म्हणजे शब्द ठाऊक होता. ती डोळ्यांत थेंब घालायची, सहा महिन्यांनी शेजारच्या बाईंबरोबर डॉक्टरांकडे जाऊन यायची आणि "काय म्हणाले?" असं मी पेपरामागून विचारलं की "आहे तसंच आहे" म्हणायची. मी मान डोलवायचो. घरात ती वाऱ्यासारखी फिरायची. एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हाताने साखळी काढून, कोपराने दार ढकलून बोळातून सरळ. अशा बाईला दिसत नसेल असं कोणाच्या मनात येईल? निदान माझ्या तरी आलं नाही. चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलो तिची नजर माझ्या डोळ्यांदेखत विझत गेली आणि मला कळलं नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते. पण ते तसंच आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून बाहेर पडण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमचा मुलगा करंजाड्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याचं दर रविवारी एकच पालुपद असायचं. घर जुनं झालं, कौलं गळतात, तुम्ही दोघं म्हातारी, इकडे या. कुमुद दर रविवारी नाही म्हणायची. एकदा तो जरा जास्तच मागे लागला तेव्हा ती म्हणाली, "बाळा, या घरात मला कोणाचा हात धरावा लागत नाही. तेवढं एक राहू दे." आम्हाला वाटलं, आई मानी आहे. मुलगा हसला, मीही हसलो.

पण मुलाचं तोंड बंद करायचं म्हणून मी घर सुधारायला घेतलं. जुनं घर नीटनेटकं दिसलं की तो गप्प बसेल, आणि कुमुदला इथून हलावं लागणार नाही, असा माझा साधा हिशेब होता. हेतू वाईट नव्हता हे मी स्वतःला अजून सांगत असतो. कौलं चाळून झाली, वायरिंग नवं झालं, गेल्या वर्षी याच दिवसांत दारांची पाळी आली. मी खात्यातल्या सवयीने कागदावर दारांचा तक्ता काढला. दार क्रमांक एक ते सात, सध्याची कडी, नवी कडी. 'सध्याची कडी' या रकान्यात सात वेगवेगळ्या गोष्टी लिहिताना मला हसू येत होतं. 'नवी कडी' या रकान्यात पहिल्या ओळीत फक्त 'हँडल' लिहिलं आणि खाली सहा वेळा 'तेच' अशी खूण केली.

शब्बीरभाईंचं हार्डवेअरचं दुकान बाजारात जुनं आहे. पक्षात गिऱ्हाईक नाही म्हणून ते निवांत बसले होते. मी कुमुदला बरोबर नेलं होतं. घर तिचं, तेव्हा तिलाही विचारावं, एवढं शहाणपण मला होतं. शब्बीरभाईंनी भिंतीवरून एक पांढराशुभ्र बोर्ड उतरवून काऊंटरवर ठेवला. त्यावर एकाच घडणीची पंधरावीस हँडलं, प्रत्येकाचा रंग निराळा.

"हा कुठला रंग?" मी विचारलं.

"रंग नाही साहेब, फिनिश," ते म्हणाले. "ही साटन, ही मॅट, ही रोज गोल्ड, ही ग्रॅफाइट. ही अँटिक. आपल्या जुन्या घराला ही बेशक शोभेल."

मी हरखलो. पितळ, पण न चमकणारं. काळपट, मंद, जणू शंभर वर्षं वापरलेलं. आमच्या सागवानी दारांवर ते कसं दिसेल हे मला तिथेच दिसू लागलं. नकाशे काढणाऱ्याच्या डोळ्यांना अशी वाईट खोड असते, त्याला नसलेलं आधी दिसतं.

कुमुद बोर्डावरून बोटं फिरवत होती. एकेका हँडलावर जराशी थांबत, पुढे जात. मग तिने एकावर बोट ठेवलं. ते चकचकीत पितळेचं होतं, वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर सरळ पट्टीसारखा पडला होता.

"हे चमकतंय ना, ते घेऊ या," ती म्हणाली.

"अगं, लग्नाच्या हॉलसारखं दिसेल घर," मी म्हणालो.

शब्बीरभाई मध्ये पडले. "भाभी, तसल्लीने बघा. घाई नाही. हात लावून बघा."

तिने परत बोटं फिरवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सगळी वेगवेगळी घेतली तर?"

"प्रदर्शन मांडायचंय का आपल्याला?" मी म्हणालो आणि स्वतःच्या विनोदावर हसलोही. शब्बीरभाई हसले नाहीत. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हाला आवडेल ते घ्या," कुमुद म्हणाली. हे वाक्य बायका म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं. मला वाटलं, पटलं तिला. अँटिक फिनिशची सात हँडलं मी खोक्यांत भरून घेतली.

दामोदर मिस्त्री नेऱ्याकडचा. आमच्या घराची सगळी लाकडी कामं त्याच्या वडिलांनी केली आणि नंतर त्याने. तो आला तो हातात हत्यारांची पिशवी घेऊन, पण ओटीवरच थांबला.

"काका, पक्ष लागलाय," तो म्हणाला. "पक्षात नवा काय लावत नाय आमी. आनि दारां पन अजून वली हायेत. दसऱ्यानंतर सुकली का लावू, बराबर बसंल."

"दुरुस्तीला कसला पक्ष?" मी म्हणालो. "आणि दसऱ्यानंतर तू मिळशील का मला? फार्महाऊसवाले तुला सोडतील?"

ते खरं होतं, म्हणून त्याने पिशवीतली हत्यारं बाहेर काढली. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी त्याला ऐकवलंही. मला ते सांगायला आवडायचं.

त्याने एकेक कडी उतरवायला घेतली. तीन दिवस घरात स्क्रूड्रायव्हरचा किर्र आवाज आणि सागाच्या भुशाचा वास होता. कुमुद त्या दिवसांत स्वयंपाकघरातच जास्त बसायची, मला वाटलं धुळीमुळे. पडवीचं दार शेवटचं राहिलं. दामोदरने त्याच्या कडी-कोयंड्याला हात लावला, मग हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळला.

"काका, सगल्या दारांना सारखाच बसवाचा काय?"

"हो. सगळ्या दारांना सारखंच."

"काकींना ईचारला?"

"दुकानात तीच होती की माझ्याबरोबर," मी म्हणालो. तो जरा वेळ उभा राहिला आणि मग त्याने कोयंडा उपटला.

जुन्या कड्या एका गोणपाटाच्या पिशवीत जमा झाल्या होत्या. कुमुद म्हणाली, "राहू देत ना कोठीत. कधीतरी लागतील." मी म्हटलं, अडगळ हवीच आहे तुला. दुसऱ्या दिवशी गल्लीत भंगारवाला आला तेव्हा मी ती पिशवी त्याच्या हातगाडीवर टाकली. चिनी मातीची मूठ तो घेईना, म्हणून ती कचऱ्यात गेली.

आणि घर खरंच सुंदर दिसायला लागलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की दोन्ही अंगांना एका उंचीवर, एका वळणाची, एका मंद रंगाची हँडलं. मी दिवसातून चारदा तिथे उभा राहायचो. फोटो काढून मुलाला पाठवला, त्याने अंगठा पाठवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घर नकाशातल्यासारखं दिसत होतं, आणि मी सुखात होतो.

चौथ्या दिवशी दुपारी मी ओटीवर बसलो होतो. जेवणं झाली होती. मागून एक आवाज आला, फार मोठा नव्हे. मग काहीच नाही. मी हाक मारली, "कुमुद?" उत्तर आलं नाही म्हणून उठलो. पडवीचं दार सताड उघडं होतं आणि ती दोन पायऱ्यांखाली फरशीवर कुशीवर पडली होती. तोंडातून आवाज नाही, फक्त एक हात वर, कशाला तरी धरायला गेल्यासारखा.

"पाय घसरला," ती म्हणाली. "ओलं होतं."

मी तिला उचलायला वाकलो तेव्हा माझा तळहात फरशीवर टेकला. फरशी कोरडी होती. तेव्हा ते हाताला कळलं, मला कळलं नाही.

खुबा मोडला होता. दवाखाना, ऑपरेशन, स्क्रू, तीन आठवडे. त्या दिवसांतलं मला थोडंच आठवतं, लिफ्टजवळचा फिनाईलचा वास आणि कुमुदच्या पायावरची पांढरी चादर. उरणहून माझी थोरली बहीण आली. अक्काला घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि तिला ते पलंगाजवळ स्टूल ओढायच्या आत सापडलं.

"पक्षात घराला हातोडा लावलास," ती म्हणाली. "बाबांनी बसवलेल्या कड्या पक्षात उपटल्यास. ते गप्प बसतील? शिकलेला ना तू!"

एरवी मी तिच्याशी तासभर भांडलो असतो. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. येईल त्याला अक्का तेच सांगायची, लोक मान हलवायचे, माझ्याकडे बघून हळहळायचे आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटायचं. पितरांचा कोप झाला म्हटलं की माझ्या अंगावर फक्त मुहूर्त चुकवल्याचं पाप येत होतं, आणि तेवढं मला पेलत होतं. आतून कुठेतरी मला ठाऊक होतं की ही गोष्ट पंधरवड्याची नाही. त्या ठाऊक असण्याकडे मी वळून बघत नव्हतो. कुमुद पलंगावर पडून सगळं ऐकायची आणि एकदाही म्हणाली नाही की असं नाही.

ती घरी आली ती वॉकर घेऊन. थंडी पडायला लागली होती. एके सकाळी दामोदर वालाच्या शेंगा घेऊन आला, त्याच्या शेतातल्या. शेंगांची पिशवी ओटीवर ठेवून तो खाली बसला आणि बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "काकी कडी चाचपून दार वलखायच्या. आधी हात लावायच्या, मंग उघडायच्या. परत्येक दाराला. मी काम करताना बगितला. म्हनून मी ईचारला तुमाला, सगल्यांना सारखाच काय. तुमी हो बोललात."

मी पिशवीतल्या शेंगा चाळवत राहिलो.

"मी परत सांगाया पायजे व्हता," तो म्हणाला. "चुकला माझा."

तीन दिवस घरात वावरलेल्या माणसाने ते पाहिलं होतं, आणि त्याची चूक झाली म्हणून तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मी त्याला चहा घे म्हणालो. तो नको म्हणून निघून गेला.

कुमुद आत खिडकीशी खुर्चीत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. समोर, अगदी समोर, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"तुला किती दिसतं?" मी विचारलं.

तिने दोन्ही हात चेहऱ्यापाशी आणले आणि मध्ये एक वाटीएवढी जागा ठेवली. "एवढं. तेही उजेड असेल तर. बाजूचं नाही दिसत. बोळात तर काहीच नाही."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं."

"आणि त्या दिवशी?"

"न्हाणीघरात जायचं होतं," ती म्हणाली. "आधी तार लागायची हाताला. तुम्ही गुंडाळलेली, ती टोचायची जराशी. तार लागली की न्हाणीघर. कोयंडा गार लागायचा, तो लागला की मागे फिरायचं. त्या दिवशी हाताला हँडल लागलं. सगळीकडे तेच लागत होतं. मी मोजत गेले होते बोळातून, पण मोजताना चुकले असेन."

मग तिने मला बाकीचीही सांगितली, मी न विचारता. मुठीच्या तड्यात नख अडकायचं म्हणजे निजायची खोली. खिट्टीचा टवका म्हणजे देव. साखळी हलायच्या आधीच तिचा लोखंडाचा वास यायचा. सुतळी भाद्रपदात ओलसर असायची आणि वैशाखात खरखरीत, म्हणून कोठीपाशी हात लावला की महिना कळायचा, असं म्हणून ती थोडी हसलीसुद्धा. मी तक्त्यात जे सात ओळींत लिहून हसलो होतो ते तिचं घर होतं. त्याच्या आधाराने ती पाच वर्षं कोणाचा हात न धरता फिरली होती, आणि ते मी गोणपाटात भरून भंगारात दिलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस गं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. अपराधी माणसाचा आवाज आधी चढतो.

"सांगितलं असतं तर तुम्ही आणि बाळाने मिळून मला करंजाड्याला नेलं असतं. तिथल्या दारांची मला ओळख नाही." मग म्हणाली, "दुकानात म्हणाले होते मी. दोनदा."

"ओरडून सांगायचंस."

"तुम्ही इतके खुशीत होतात," ती म्हणाली.

मी भंगारवाल्याला शोधलं. तो सापडला, कड्या सापडल्या नाहीत, केव्हाच वितळवायला गेल्या होत्या. मग शब्बीरभाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी तो पांढरा बोर्ड खाली घेतला, मागची इतर कड्यांची खोकीही काढली, आणि मीच निवडू लागलो. न्हाणीघराला चकचकीत पितळ. पडवीला जाड लोखंडी कडी. निजायच्या खोलीला गोल मूठ. दामोदरने पैसे न घेता सगळं बसवून दिलं, कोठीला पुन्हा सुतळी बांधली. घर पुन्हा बेंगरूळ दिसायला लागलं, आणि मी पोराला पहिली मुळाक्षरं शिकवावीत तसं तिला एकेका दाराशी नेऊन तिचा हात त्यावर ठेवू लागलो. हे न्हाणीघर. ही पडवी. हे देव.

ती शहाण्यासारखी सगळं करायची. पण जुन्या कड्या तिचे हात डोळे धड असताना शिकले होते, चाळीस वर्षं, न शिकवता. आता हात वॉकरवर असायचे, ते सोडले की पाय थरथरायचे, आणि त्या पायऱ्या तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. ती कडीला हात लावायची, ओळखायची, आणि तरी उघडायची नाही. "हे कुठलं हो?" असं विचारायची. मी सांगायचो. बहुतेक वेळा तिला आधीच बरोबर कळलेलं असायचं. पण मी सांगितल्याशिवाय ती दार ढकलत नाही. घरातली एक जाणती बाई आपल्याच घरात माझी परवानगी घेतल्यासारखी दारं उघडते, हे मला दिवसातून दहा वेळा बघावं लागतं.

मुलगा आता करंजाड्याचं नाव काढत नाही. त्याची गरज उरली नाही हे त्यालाही कळलंय. दिवाळीनंतर जायचं असं ठरल्यासारखंच आहे. तिने हो म्हटलेलं नाही, पण हल्ली नाहीही म्हणत नाही.

काल वडिलांची तिथी होती. स्वयंपाकाच्या बाईंनी खीर, वडे, भाजी सगळं रीतसर केलं. मी पान घेऊन परसात गेलो, भिंतीवर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभा राहिलो. पूर्वी पान ठेवायच्या आत कावळे जमायचे. आता सगळीकडे टॉवर आणि क्रेन, कावळे कुठे गेले कोण जाणे. दोन समोरच्या तारेवर येऊन बसले, पण खाली उतरेनात. ऊन डोक्यावर आलं. अक्का असती तर म्हणाली असती, बाबांची काही इच्छा राहिली असेल, ती पुरी करीन म्हणून बोल, मग शिवेल. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणालो, बाबा, घर पाडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. मग म्हणालो, कुमुदकडे नीट लक्ष देईन, यापुढे तिला एकटं सोडणार नाही. त्यातला एक कावळा उतरला, वडा चोचीत धरला आणि उडाला.

मला खूप दिवसांनी हलकं वाटलं. कुमुदला सांगावं म्हणून मी लगबगीने पडवीतून आत गेलो. बोळात अंधार होता. ती न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. वॉकर बाजूला कलंडलेला, एक हात भिंतीवर, दुसरा त्या चकचकीत पितळेच्या हँडलावर. दार बंदच होतं. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. तिच्या साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या होत्या आणि पायाखाली फरशीवर पाणी पसरलं होतं.

"मी हाक मारली होती," ती म्हणाली. "तुम्ही परसात होतात ना." तिचा हात अजून हँडलावरच होता. "हेच का हो न्हाणीघर?"

"हेच," मी म्हणालो.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली.